बिब्ब्याची रेघ

मनकर्णाबाईनं सकाळपासून उजवा हात पदराखालून बाहेर काढला नव्हता. चहा डाव्या हातानं प्याली, नवऱ्याला पाणी डाव्या हातानं पाजलं, केसांचा अंबाडासुद्धा एका हातानं कसाबसा गुंडाळला. शेवटी दवाखान्यातल्या शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची लेक न राहवून म्हणाली, "हात दुखते का वं काकू?"

"वात हाय," मनकर्णाबाई म्हणाली. वाताचं एक बरं असतं. तो कुठंही भरतो, कधीही भरतो आणि त्याचा पुरावा कोणी मागत नाही.

पदराखाली तिचा अंगठा होता आणि तो काळाकुट्ट झाला होता. तिनं तो साबणानं धुतला होता, मग नळाशेजारच्या खरबरीत भिंतीवर घासला होता. कातडं सोलवटलं, पण काळं काही निघेना. निघणार कसं? बिब्ब्याचं तेल ते. पूर्वी परीट लोक ह्याच तेलानं कपड्यांवर खुणा करायचे. धोतर विरून जायचं, खूण तशीच राहायची. हे तिच्याइतकं अख्ख्या आंजी गावात कोणाला ठाऊक नव्हतं, आणि तरी आज घाईघाईत अंगठ्याला आधी खोबरेल चोळायचं ती विसरली होती.

समोर खाटेवर तिचे यजमान लक्ष्मणराव उताणे पडले होते. उजवा पाय उशीवर. डॉक्टर बघायला येणार म्हणून पट्टी सोडून ठेवली होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जळक्या शेंगेसारखं झालं होतं, तळव्याला खोल भोक होतं, आणि पाऊल टम्म सुजून घोट्यापर्यंत लाल झालं होतं. घोट्याच्या जरा वर तरुण डॉक्टरनं काल संध्याकाळी निळ्या पेनानं एक रेघ ओढली होती. त्या निळ्या रेघेच्या वर आज एक रुंद काळी पट्टी होती. तिच्या कडेनं पाण्याचे फोड आले होते.

ती पट्टी मनकर्णाबाईची.

हे सगळं मुळापासून सांगितलं पाहिजे. आंजीत कोणाच्या पायात काटा मोडला, टाच उलली, कुरूप झालं, की ते माणूस लंगडत मनकर्णाबाईच्या ओसरीवर यायचं. ती दिव्यावर दाभण तापवायची, बिब्ब्यात खुपसायची आणि टोकावरचं चरचरतं तेल दुखऱ्या जागी टेकवायची. ही विद्या तिला सासूनं दिली होती आणि तिचं सगळं मर्म एका गोष्टीत होतं. दाभण कुठवर न्यायचं? माणूस ओरडेपर्यंत. सासू म्हणायची, "मेल्या मासाले लागलं तं मानूस बोलत नाई. जित्या मासाले लागलं का बोंबलते. बोंबलला का हात काढजो." मनकर्णाबाईचा हात त्या ओरडण्यावर चालायचा. मोठमोठे मिशीवाले "अवं माय वं!" करून उसळायचे, पोरं फिदीफिदी हसायची, आणि तिचा हात नेमका तिथंच थांबायचा.

लक्ष्मणरावांना बऱ्याच वर्षांपासून शुगर होती. शुगर म्हणजे चहा बिनसाखरेचा प्यायचा आणि लग्नात गेलं की सगळ्यांचा डोळा चुकवून जिलेबी खायची, एवढाच त्या घरात तिचा अर्थ. गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या. "पायाखाली कापूस हातरल्यावानी लागते," असं ते मध्ये एकदोनदा बोलले होते. पण कापूस पिकवणाऱ्या घरात ही काय तक्रार झाली! कोणी मनावर घेतली नाही.

यंदा तुरीच्या सोंगणीला ते वावरात गेले आणि कापलेल्या तुरीचं टोकदार खुंट चपलेतून आरपार पायात घुसलं. त्यांना कळलंच नाही. दिवसभर तसेच हिंडले. संध्याकाळी ओसरीवर रक्ताची पावलं उमटली ती मनकर्णाबाईनं पाहिली, त्यांनी नाही. मग तिनं दिवा लावला आणि दाभण तापवलं.

नवरा ओरडला नाही. तिनं थांबून तोंडाकडे पाहिलं, तर हे आपले अडकित्त्यानं सुपारी कातरत बसलेले. तिनं दाभण आणखी आत सारलं. हूं नाही की चूं नाही. "मानूस हाय का गोटा!" ती म्हणाली, आणि मनातून तिला कौतुकच वाटलं. गावातले वाघ इथं मांजर होऊन गेले, आणि आपला माणूस सुपारी कातरतो! मेलं मास काही संपेना, म्हणून ती आत जातच राहिली.

आठवड्याभरात पायाला वास सुटला. ताप भरला, बोटं काळी पडली. पिपरी मेघेला राहणारा मुलगा मुकेश गाडी घेऊन आला आणि त्यानं बापाला उचलून ह्या मोठ्या दवाखान्यात आणलं. वाटेत त्यानं विचारलं, "बाबा, एवढं भोक पडलं कशानं?"

मनकर्णाबाईनं कमरेची पिशवी पदराखाली सारली. दोन वर्षांपूर्वी तिनं नातीच्या, काजलच्या, टाचेला बिब्बा लावला होता आणि तो असा उतला होता, की पोरीचं तोंड सुजून डोळे मिटले होते. तेव्हापासून सून अंकिता पोरीला तिच्याजवळ एकटी ठेवत नसे. आणि मुकेशनं बजावलं होतं, "माय, यानंतर तू कोनाले बिब्बा लावला तं मी तुह्या घरचा उंबरा चढनार नाई." एकुलता एक मुलगा. बोलला तर करून दाखवणारा.

ती तोंड उघडणार तोच लक्ष्मणराव म्हणाले, "शेकोटीपाशी बसलो होतो. इस्तवावर पाय पडला." आणि बायकोकडे त्यांनी असं पाहिलं, की विषय तिथंच संपला. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं तेव्हाही तोच इस्तव, तीच शेकोटी.

काल संध्याकाळी ती निळी रेघ ओढताना तरुण डॉक्टर सिस्टरला म्हणाला, "इथपर्यंत आलंय. ह्याच्या वर जायला नको." मनकर्णाबाईनं ते कान देऊन ऐकलं आणि तिच्या जिवाला जरा थारा मिळाला. म्हणजे डॉक्टरलाही हे ठाऊक आहे तर! सासू असंच करायची. बैलाचा पाय सुजला, की सुजेच्या वर बिब्ब्याचा गराडा घालायची, मग विष वर चढत नसे. बांध घातल्यावर पाणी अडतं तसं. पण डॉक्टरनं गराडा घातला तो पेनाच्या शाईनं! शाई ती, घामानं फिसकटेल. तिनं कसं अडणार विष? लेकरू शिकलेलं आहे, पण सामान कच्चं आहे, असं तिला वाटलं.

म्हणून आज उजाडताच ती चहाच्या निमित्तानं फाटकाबाहेर गेली. कमरेच्या पिशवीत दोन बिब्बे होतेच. चहावाल्याच्या शेगडीवर चिमट्यात धरून ते तापवले, बाटलीच्या झाकणात तेल धरलं. "काय जाळून राह्यली वं माय?" चहावाला खोकत म्हणाला. "वाताचं औषध हाय," ती म्हणाली. वात असा कामी येतो. वॉर्डात सिस्टर पलीकडच्या टोकाला होती. मनकर्णाबाईनं नवऱ्याच्या पायाशी बसून डॉक्टरच्या रेघेच्या वर अंगठ्यानं पक्का गराडा ओढला. लक्ष्मणराव छताकडे पाहत होते. खाटेचा लोखंडी दांडा त्यांनी मुठीत धरला होता. काही बोलले नाहीत. ते कुठं कधी बोलतात!

आता तरुण डॉक्टर आला. आला तेव्हा हसऱ्या तोंडानं आला. पाय पाहिला आणि त्याचं हसू गेलं.

"हे काल नव्हतं," तो सिस्टरला म्हणाला. त्यानं वाकून फोड पाहिले, काळी पट्टी पाहिली, आपली निळी रेघ पाहिली. मग खिशातून फोन काढून खिडकीपाशी गेला. परत आला तो मुकेशला घेऊन. मुकेश नुकताच ड्यूटीवर जाण्याआधी डबा घेऊन पोचला होता.

"एका रात्रीत रेघेच्या वर चढलंय," डॉक्टर म्हणाला. "फोड आलेत, कातडी काळी पडलीय. हे असंच भराभर चढलं तर जीवावर बेतेल. मोठ्या मॅडम येऊन बघतीलच, पण तयारी ठेवा. गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. आज दुपारीच."

मुकेशच्या हातातला डबा खाली टेकला. लक्ष्मणरावांनी डोळे मिटले.  चढलं? आपला गराडा ओलांडून विष चढलं? मनकर्णाबाईनं वाकून नीट पाहिलं. पट्टीच्या एका टोकाला अंगठ्याचा गोल उमटला होता, आणि खाली एक ओघळ आला होता, झाकण हिंदकळलं तेव्हाचा. वर कुठंच काही चढलं नव्हतं. डॉक्टर जे पाहून घाबरला तो तिचाच हात होता.

एक शब्द बोलायचा होता. बिब्बा. तेवढ्यानं झालं असतं. पण मुकेश समोर उभा होता, आणि त्याच्याविना सुना पडलेला आपला उंबरा तिला दिसत होता. काल कोणीतरी वॉर्डात सांगत होतं, की असलं काही केलं की पोलीस केस होते. आणि ह्या सगळ्याहून वाईट म्हणजे, आपलं चुकत असलं तर? काळ्याखाली खरोखरच विष असलं, आपल्या बोलण्यावर डॉक्टर थांबले आणि माणूसच गेला तर? पाय जाईल, पण माणूस घरी येईल. ही भीती खरी होती. आणि ती सोयीचीही होती, हे मनकर्णाबाईला तेव्हाही कळत होतं.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी डोळे उघडले आणि अगदी जराशी मान हलवली. नको.

सिस्टर कागद घेऊन आली. मुकेशनं सही केली; स्वतःचं नाव त्याला दोनदा गिरवावं लागलं. लक्ष्मणरावांनी सही केली. "काकू, तुमचाही अंगठा," असं म्हणून सिस्टरनं शाईची डबी उघडली.

मनकर्णाबाईनं डावा हात पुढं केला.

"बायांचा उजवा घेतात, काकू."

"उजव्यात वात हाय."

"अंगठा तर टेकवायचाय. दोन मिनिटांचं काम."

तेवढ्यात मोठ्या मॅडम आल्या. बुटक्या, पिकल्या केसांच्या, ऑपरेशनची हिरवी टोपी तशीच डोक्यावर. त्यांनी आधी पाय पाहिलाच नाही. खाटेला लटकवलेला कागद पाहिला, लक्ष्मणरावांच्या कपाळाला हात लावला. "ताप रात्रीच उतरलाय," त्या तरुण डॉक्टरला म्हणाल्या. "नाडी बरी आहे. माणूस सुधारतोय आणि पाय बिघडतोय, हे कसं?" मग पायावर वाकल्या, आणि बराच वेळ वाकून राहिल्या.

"बाबा, पायाला काही लावलंय का? लेप, औषध, काहीही?"

"नाई," लक्ष्मणराव म्हणाले.

"घरच्यांनी कोणी?"

"नाई म्हनलं ना, बाई. इस्तवावर पडला पाय."

मॅडमनी मुकेशकडे पाहिलं. त्यानंही नाही म्हणून मान हलवली. त्यांनी सुस्कारा सोडला आणि सिस्टरला म्हणाल्या, "ठीक आहे. घ्या तयारीला."

मनकर्णाबाईच्या आतलं काहीतरी तुटलं. चाळीस वर्षं ज्याच्यामागं वावर तुडवलं ते पाऊल तिच्या डोळ्यांपुढं आलं, बांधा-धुऱ्यावरून चालणारं, चिखलात बोटं फाकवून रोवलेलं. ती उठली. पदर बाजूला सारला आणि काळा अंगठा सगळ्यांच्या पुढं धरला.

"हे पाहा. ह्या अंगठ्यानं केलं मी. बिब्बा हाय तो. विष नोय. आज सकाळी लावला, रेघ पक्की व्हावी म्हून. अन् खालचं भोकही मायंच. शेकोटी नोती, इस्तव नोता. दाभन होतं मायं."

 मुकेशचं तोंड उघडं राहिलं. "माय..." एवढंच तो म्हणाला, आणि त्या एका शब्दात काजलचं सुजलेलं तोंडही होतं.

मॅडमनी तिचा अंगठा धरून उजेडात पाहिला, मग पट्टी पाहिली. रागावल्या नाहीत, रागवायला वेळ नव्हता. "तुमचं खरं असलं तर ही कातडी जिवंत असेल," त्या म्हणाल्या. "खोटं असलं तर मेलेली. सुई द्या मला. बाबा, डोळे मिटा. टोचलं की सांगा."

त्यांनी करंगळीपासून सुरुवात केली. सुई टेकली, लक्ष्मणराव गप्प. दुसऱ्या बोटाला, गप्प. तळव्याला, टाचेला, गप्प. मनकर्णाबाईनं श्वास धरला होता. ओसरीवर तिनं शेकडो माणसांचं ओरडणं ऐकलं होतं, पण एखाद्याच्या ओरडण्याची अशी वाट तिनं जन्मात पाहिली नव्हती. सुई घोट्याला आली. गप्प. निळ्या रेघेवर आली. गप्प. मग काळ्या पट्टीवर टेकली.

लक्ष्मणराव गप्प.

मॅडमनी पुन्हा टोचलं. लक्ष्मणराव छताकडे तोंड करून मिटल्या डोळ्यांनी पडून होते. तरुण डॉक्टरनं खांदे पाडले. मुकेशनं भिंत धरली. आणि मनकर्णाबाईची नजर खाटेच्या कडेला गेली. लोखंडी दांड्यावर नवऱ्याची मूठ होती, आणि ती पांढरी पडली होती. सकाळीही ती मूठ तिथंच होती. ओसरीवर त्या दिवशी हेच हात आरामात सुपारी कातरत होते.

"लागून राह्यलं तुमाले!" ती किंचाळली. "लागून राह्यलं अन् गप पडले! ओरडा ना! ओरडा म्हन्ते ना मी!"

मॅडमनी सुई तिसऱ्यांदा टेकली.

"अवं माय वं!" लक्ष्मणराव अर्धे उठून बसले. "लागते! लय लागते! आग होऊन राह्यली सकाळपासून!"

सगळा वॉर्ड वळून पाहू लागला. मनकर्णाबाई खाली फरशीवर बसली आणि ढसाढसा रडली.

मॅडमनी मग पोटरी दाबून पाहिली, पट्टीच्या खाली-वर बोटं फिरवली, फोड फोडून पाहिला. "वरवर पोळलंय," त्या म्हणाल्या. "खाली मऊ आहे, गरम आहे. पाय आज काढायचा नाही. ती दोन बोटं मात्र जातील, आतली घाण साफ करावी लागेल. पुढचं आत्ताच सांगत नाही मी. शुगर ताब्यात राहिली तर पाय राहील." मग मनकर्णाबाईकडे वळल्या. "आणि तुम्ही, बाई. शुगरच्या माणसाच्या पायाला दुखणं कळत नाही. तो ओरडणार नाही. तुमचं दाभण हाडाला लागलं तरी ओरडणार नाही. ध्यानात ठेवा." मुकेशनं सही केलेला कागद त्यांनी स्वतः फाडला.

दुपारी दोन बोटं गेली. संध्याकाळी लक्ष्मणरावांची गुंगी उतरली तेव्हा मनकर्णाबाई उशाशी बसली होती, दोन्ही हात पदराबाहेर.

"सकाळी मी लावलं तवाच लागलं होतं तुमाले?"

"हो. इस्तव ठेवल्यावानी."

"मंग बोलले काऊन नाई?"

"बोललो असतो तं सिस्टर धावत आली असती. तुयं नाव निघालं असतं पोरापुढं." ते पुढं म्हणाले, "मले वाटलं, पाय तं जाऊनच राह्यला. तुयं तरी राहू दे."

"अन् ओसरीवर? तवाही असंच?"

"नाई वं. तवा खरंच नाई लागलं. मी म्हनलं, आज हिचा हात भल्ला हलका पडला."

तिला हसू की रडू कळेना. नवऱ्याचं दोन्ही वेळचं गप्प बसणं तिनं एकच धरलं होतं. चाळीस वर्षांच्या संसारात तिला तो फरक ओळखता आला नव्हता, आणि त्याची तिला लाज वाटली. मुकेश दिवसभर तिच्याशी बोलला नव्हता. आता येऊन त्यानं नुसता हात पुढं केला. तिनं कमरेची पिशवी सोडून त्याच्या हातावर ठेवली. ती घेऊन तो बाहेर गेला, परत आला आणि तिच्या शेजारी बसला. तरीही बोलला नाही, पण बसला.

"ऐका," ती नवऱ्याला म्हणाली. "यानंतर लागलं का बोंबलायचं. लाजायचं नाई. मायी शपथ हाय तुमाले."

दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायला सिस्टर आली. तिनं कात्री घेऊन पट्टीचं वरचं टोक सोडवायला घेतलं, आणि लक्ष्मणराव गावाला ऐकू जाईल असे ओरडले, "अवं माय वं!"

"जखमेला अजून हातसुद्धा लावला नाही, बाबा!" सिस्टर म्हणाली. शेजारचा म्हातारा हसला, त्याची लेक हसली, मुकेशसुद्धा तोंड फिरवून हसला. मनकर्णाबाई हसली नाही. ती उठून वाकली आणि पाहिलं. जखम खाली होती, पण सिस्टरचं मनगट बिब्ब्याच्या काळ्या पट्टीवर टेकलं होतं.

"लागून राह्यलं त्यायले," ती म्हणाली. "हात काढा, बाई."